पिग्मीचा भरणा आणि एन्क्रिप्शन कार्ड: सोलापुरातील एका सर्व्हरचे प्रकरण

सोलापुरात सात रस्ता परिसरात कार्यालय असलेली एक लहान सॉफ्टवेअर कंपनी जिल्ह्यातील पतसंस्थांना ठेवी, कर्जे आणि दैनंदिन वसुलीची संगणकप्रणाली भाड्याने पुरवते. पतसंस्थांचे पिग्मी एजंट दिवसभर पेठांतून, यंत्रमागांच्या कारखान्यांतून आणि मंडईतून रक्कम गोळा करतात, मोबाइलमधील ॲपवर पावत्या करतात आणि संध्याकाळी शाखेत परतून वायफाय मिळाले की दिवसभराच्या पावत्या एकदम सर्व्हरकडे पाठवतात. ग्राहक पतसंस्थांची संख्या वाढत गेली तसा या संध्याकाळच्या भरण्याला उशीर होऊ लागला. साडेसातनंतर एजंटांच्या मोबाइलवर पावत्या ‘पेंडिंग’ दिसत, शाखांची दिवसअखेर लांबे, आणि बाहेरच्या विनंत्या स्वीकारणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरचा प्रोसेसर त्या वेळात सतत शंभर टक्क्यांना टेकलेला असे. सकाळी तोच सर्व्हर जवळजवळ रिकामा असे.

यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एका विक्रेत्याने यावर एक नेमका उपाय सुचवला. सारी वाहतूक टीएलएसने, म्हणजे इंटरनेटवरील जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीने, कूटबद्ध होते, कूटबद्धीकरण हे प्रोसेसरला जड काम आहे, तेव्हा दोन्ही सर्व्हरांत एकेक हार्डवेअर एन्क्रिप्शन कार्ड बसवावे, म्हणजे ते काम कार्ड करील आणि प्रोसेसर मोकळा होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. चाचणीसाठी एक कार्ड काही आठवडे विनामूल्य देण्याची त्याची तयारीही होती. कंपनीच्या मालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता: “अहो सर, कार्ड बसवलं की लोड उतरतो का नाही, एवढंच सांगा.”

एवढेच सांगता येत नव्हते. ताणाचा जो भाग मुळात एन्क्रिप्शनचा आहे तेवढाच कार्डाला उचलता येतो. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाबाबत मांडलेला नियम इथेही लागू पडतो. एकूण कामाचा पाचवा हिस्सा एन्क्रिप्शन असेल, तर ते काम शून्य वेळात उरकणारे कार्ड आणले तरी उरलेले चार हिस्से जिथल्या तिथे राहतात. विक्रेत्याच्या कागदावर कार्डाची क्षमता ठळक अक्षरांत होती, पण हा हिस्सा किती आहे याचा उल्लेख नव्हता आणि कंपनीतही तो कोणी मोजलेला नव्हता. म्हणून कार्ड खोक्यात ठेवून आधी मोजणी करायचे ठरले.

सर्व्हरची मांडणी

कंपनीकडे दोन प्रत्यक्ष सर्व्हर होते. एकात २०१७ मध्ये आलेल्या झिऑन स्केलेबल मालिकेतील प्रोसेसर होते आणि दुसरा त्याच्या आधीच्या ब्रॉडवेल पिढीतला होता. दोन्हींवर प्रॉक्समॉक्स या, एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीची जुनी आवृत्ती चालत होती आणि तिच्यावर वेगवेगळी आभासी यंत्रे होती. इंजिनएक्स हा वेब-सर्व्हर प्रोग्राम चालवणारी प्रॉक्सी दोन आभासी कोरांवर होती, तिच्यामागे जावामध्ये लिहिलेली मुख्य प्रणाली, त्यामागे डेटाबेस, आणि शाखांच्या संगणकांना जोडणारे ओपनव्हीपीएनचे द्वार वेगळे. लेखापरीक्षणात आलेल्या एका सूचनेनुसार प्रॉक्सी आणि मुख्य प्रणाली यांच्यातील अंतर्गत वाहतूकही टीएलएसने कूटबद्ध केलेली होती. सर्वत्र वापरलेले प्रमाणपत्र आरएसए या कूटपद्धतीच्या ४०९६ बिटांच्या किल्लीचे होते. ही निवड कोणी केली हे कुणाला आठवत नव्हते, पण ती का केली असावी हे ओळखणे अवघड नव्हते: आकडा मोठा, म्हणजे सुरक्षा मोठी.

ताण नेमका कशाचा होता

टीएलएसमधील एन्क्रिप्शन हे एकच काम समजले जाते, पण त्यात अगदी वेगळ्या स्वभावाची दोन कामे असतात. पहिले काम जोडणी सुरू होतानाचे, म्हणजे हँडशेकचे. त्यात दोन्ही बाजू तात्पुरती समाईक किल्ली ठरवतात आणि सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करून स्वतःची ओळख पटवतो. स्वाक्षरी करायचा मजकूर अगदी थोडा असतो, पण आरएसएमध्ये त्यासाठी प्रचंड आकड्यांचे हजारो गुणाकार करावे लागतात. दुसरे काम त्यानंतरचे, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर एईएससारख्या पद्धतीने कूटबद्ध करण्याचे. इथे दर बाइटमागचा हिशेब अगदी किरकोळ असतो, मात्र बाइट पुष्कळ असू शकतात. एखाद्या सर्व्हरवर यांपैकी कोणते काम अधिक आहे यावरच कार्डाच्या उपयोगाचे उत्तर अवलंबून असते.

संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास प्रॉक्सीवर ‘पर्फ’ हे साधन चालवून पाहिले. प्रोसेसरचा वेळ कोणत्या फंक्शनांत जातो याची यादी ते साधन दर काही क्षणांनी ताजी करून दाखवते. यादीच्या माथ्यावर, खालच्या ओळींना कितीतरी मागे टाकून, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रोग्राम-संचातील माँटगोमेरी गुणाकाराचे, म्हणजे प्रचंड आकडे गुणण्याच्या एका रीतीचे, फंक्शन बसलेले होते. म्हणजे आरएसएची स्वाक्षरी. एईएसची फंक्शने बरीच खाली होती, आणि ते स्वाभाविकही होते, कारण पावतीची एक विनंती जेमतेम काही किलोबाइटची असते. तेव्हा प्रॉक्सीचा ताण मुख्यतः एन्क्रिप्शनचा आहे हे विक्रेत्याचे म्हणणे खरे निघाले. माझा अंदाज वेगळा होता. मजकूर आकुंचित करणाऱ्या जीझिपने तिथे अधिक वेळ घेतला असेल असे मला वाटले होते.

पण इतक्या स्वाक्षऱ्या कशासाठी लागत होत्या? हिशेबासाठी असे धरू की हजार एजंट तासाभरात भरणा करतात, प्रत्येकाकडे शंभर पावत्या आहेत आणि एका पावतीमागे ॲप चार विनंत्या पाठवते. एकूण चार लाख विनंत्या झाल्या. प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उघडली गेली तर तासात चार लाख हँडशेक, म्हणजे सेकंदाला सरासरी १११, आणि गर्दीच्या अर्ध्या तासात त्याहून बरेच अधिक. अशा प्रोसेसरचा एक पूर्ण कोर आरएसए-४०९६च्या स्वाक्षऱ्या सेकंदाला साधारण दोन-तीनशे करू शकतो, तर २०४८ बिटांच्या किल्लीने हजार ते दोन हजार. किल्लीची लांबी दुप्पट झाली की स्वाक्षरीचे काम सहा-सात पट वाढते. दोन आभासी कोर म्हणजे कित्येकदा एकाच भौतिक कोराचे दोन धागे असतात हे लक्षात घेतले, तर ते यंत्र संध्याकाळी का धापा टाकत होते हे कळायला आणखी काही लागत नाही. याउलट, प्रत्येक एजंटाचे ॲप एकदा जोडणी उघडून सगळ्या पावत्या त्याच जोडणीतून पाठवू लागले, तर तासाभरात फक्त हजार हँडशेक होतील, म्हणजे सेकंदाला एकही नाही.

ॲप नेमके उलटे करत होते. अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपी नावाचे ग्रंथालय, म्हणजे तयार कोडचा संच, नेटवर्कच्या कामासाठी सर्रास वापरले जाते. त्याचा क्लायंट एकदाच तयार करून पुन्हापुन्हा वापरायचा असतो, कारण उघडलेल्या जोडण्यांचा साठा त्या क्लायंटपाशी असतो. या ॲपमध्ये दर विनंतीला नवा क्लायंट तयार होत होता, त्यामुळे मागची जोडणी उघडी असूनही ती कोणी वापरत नव्हते. पंगतीत बसलेल्या पाहुण्याने प्रत्येक वाढीला उठून हात धुवावेत आणि पुन्हा पाटावर येऊन बसावे, तसा हा प्रकार होता. शिवाय टीएलएसमध्ये पूर्वीच्या सत्राची खूण दाखवून संपूर्ण हँडशेक टाळण्याची सोय असते, तीही इथे दोन्हीकडून बंद पडलेली होती. सर्व्हरवर कुठल्याशा सुरक्षा-यादीतून उचललेल्या ओळीने सत्र-तिकिटे बंद केली होती आणि त्याऐवजी सत्रांचा कॅश, म्हणजे सर्व्हरने जवळ ठेवायची सत्रांची नोंद, मात्र सुरू केला नव्हता. मोबाइलवर नव्या क्लायंटबरोबर सत्रांची स्मृतीही नवी, म्हणजे कोरी, तयार होत होती. प्रॉक्सी आणि मुख्य प्रणाली यांच्यातही जोडण्या टिकवून ठेवण्याची मांडणी केलेली नव्हती, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक विनंतीमागे आत आणखी एक जोडणी नव्याने उघडली जात होती.

झाकलेल्या सूचना

या तपासणीत दुसरी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत बोधक गोष्ट तीच आहे. प्रत्यक्ष सर्व्हरवर प्रोसेसरची माहिती दाखवणारी फाइल उघडली तर त्यातील क्षमतांच्या लांबलचक ओळीत ‘एईएस’ हा शब्द होता. तीच फाइल प्रॉक्सीच्या आभासी यंत्रात उघडली तर ओळ जेमतेम निम्मी होती आणि तो शब्द तीत नव्हता. कारण साधे होते. प्रॉक्समॉक्समध्ये नवे आभासी यंत्र तयार करताना प्रोसेसरचा प्रकार आपण निवडला नाही, तर जुन्या आवृत्त्या ‘केव्हीएम६४’ नावाचा सर्वसामान्य प्रकार देत. कोणत्याही जुन्या-नव्या सर्व्हरवर यंत्र हलवता यावे म्हणून तो जाणूनबुजून मागास ठेवलेला आहे. २०२३ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून मूळ निवडीतच एईएसचा समावेश झाला, परंतु आधी तयार केलेली यंत्रे आपोआप बदलत नाहीत. व्हीएमवेअर या तशाच प्रणालीतही सर्व्हरांच्या समूहासाठी सुसंगततेची पातळी वेस्टमियर या इंटेलच्या प्रोसेसर-पिढीच्या खालची ठेवली तर हेच होते.

झाकले गेले ते थोडके नव्हते. इंटेलने २०१० मध्ये वेस्टमियर पिढीपासून सर्व्हरच्या प्रोसेसरांत एईएससाठी खास सूचना, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा, दिल्या. एईएस-२५६ मध्ये मजकुराच्या प्रत्येक १६ बाइटांच्या ठोकळ्यावर १४ फेऱ्या कराव्या लागतात आणि या सूचनांमुळे एक फेरी एका सूचनेत होते. सोबतच्या दुसऱ्या एका सूचनेने जीसीएम या एईएस वापरण्याच्या पद्धतीतला, मजकुराचा खरेपणा तपासण्याचा गुणाकारही झटपट होतो. आधुनिक प्रोसेसरचा एक कोर अशा रीतीने सेकंदाला गिगाबाइटच्या वर मजकूर कूटबद्ध करतो, आणि एक गिगाबिटची जोडणी पूर्ण भरायला तर १२५ मेगाबाइट पुरतात. सूचना झाकलेल्या असतील तर तेच काम तक्त्यांच्या आधारे सॉफ्टवेअरमध्ये करावे लागते आणि वेग शे-दीडशे मेगाबाइटांपर्यंत खाली येतो. अशा तक्त्यांमुळे प्रोसेसरच्या कॅशच्या, म्हणजे जलद स्मृतीच्या, वेळेवरून किल्लीचा अंदाज बांधता येतो हे डॅनियल बर्नस्टीन यांनी २००५ मध्ये दाखवून दिले होते. म्हणजे सूचना झाकल्याने वेग जातो, आणि सुरक्षाही थोडी पातळ होते. मोठ्या आकड्यांच्या गुणाकारासाठी हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढ्यांत आलेल्या सूचनाही ‘केव्हीएम६४’ लपवतो, त्यामुळे आरएसएच्या स्वाक्षरीलाही फटका बसतोच.

ज्या सर्व्हरमध्ये एन्क्रिप्शनचे हार्डवेअर आधीपासून प्रत्येक कोरात बसवलेले आहे आणि केवळ एका न निवडलेल्या पर्यायामुळे बंद आहे, त्यात तेच काम करणारे आणखी एक हार्डवेअर विकत घेऊन बसवण्याचा हा प्रस्ताव होता. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला बाहेरून फक्त आलेख दिसत होता.

ही समजूत आली कुठून

एन्क्रिप्शन जड असते ही समजूत निराधार नाही, ती एका काळाची आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पेंटियम-३ वर्गातील प्रोसेसर आरएसए-१०२४च्या स्वाक्षऱ्या सेकंदाला शंभराच्या आसपास करू शके आणि मजकुरासाठी वापरली जाणारी ट्रिपल-डीईएस पद्धत सॉफ्टवेअरमध्ये अतिशय संथ होती. तेव्हा रेनबो, एनसायफर, सन, ब्रॉडकॉम यांची प्रवेगक कार्डे विकली जात, आणि ज्यांच्याकडे खरेदी-विक्रीची संकेतस्थळे होती त्यांना ती घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. २००१ मध्ये एईएस हे अमेरिकेचे अधिकृत मानक झाले, प्रोसेसर वेगवान झाले, आणि २०१० मध्ये जीमेलची सारी वाहतूक मूलतः एचटीटीपीएसवर नेल्यावर गूगलच्या अभियंत्यांनी जाहीर केले की त्यासाठी त्यांना ना जादा यंत्रे लागली ना खास हार्डवेअर. पुढच्या फळीतील सर्व्हरांवर टीएलएसचा वाटा प्रोसेसरच्या एक टक्क्याहून कमी होता. एईएसच्या सूचना तेव्हा सर्व्हरांत नुकत्याच येत होत्या. आता त्यालाही बराच काळ लोटला आहे, परंतु निविदांच्या आणि खरेदीच्या कागदांवर ‘एसएसएल ऑफलोड’ (एन्क्रिप्शनचे काम वेगळ्या हार्डवेअरकडे सोपवणे) हे शब्द आदराने नांदत आहेत.

कार्डाची चाचणी

मोजणी झाली असली तरी कार्ड हाताशी होते, म्हणून ते लावून पाहणे रास्त होते. बायोसमध्ये आयओएमएमयू ही कार्ड थेट आभासी यंत्राला देऊ देणारी सोय चालू करून कार्ड थेट प्रॉक्सीच्या यंत्राच्या हवाली केले. तसे करताच ते यंत्र चालू स्थितीत दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची सोय गेली. कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमधला नव्हता, तो त्या कर्नलसाठी वेगळा बांधून घ्यावा लागला, आणि कर्नलचे पुढचे अद्यतन आले की तो पुन्हा बांधावा लागणार हे उघड होते. तिघांच्या चमूला हे ओझे लहान नाही.

पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही. यामागचे कारण कार्डाच्या कामाच्या रीतीत आहे. प्रोसेसर विनंती रांगेत टाकतो, कार्ड ती पीसीआय-एक्स्प्रेसवरून उचलते, हिशेब करते आणि उत्तर स्मृतीत ठेवते. या येण्याजाण्याला काही वेळ लागतो. विनंती करणारी प्रक्रिया उत्तराची वाट पाहत थांबून राहिली तर कार्डाची बहुतेक इंजिने रिकामीच राहतात. एका वेळी पुष्कळ विनंत्या पाठवलेल्या असतील आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत प्रक्रिया दुसऱ्या जोडण्यांकडे वळत असेल, तरच कार्डाचा उपयोग होतो. ओपनएसएसएलमध्ये अशी असमकालिक सोय २०१६ मधील १.१.० आवृत्तीपासून आहे, मात्र इंजिनएक्सने ती वापरावी यासाठी उत्पादकाने बदललेली निराळी आवृत्ती बसवावी लागली. ती बसवल्यावर माँटगोमेरी गुणाकाराचे फंक्शन पर्फच्या यादीतून जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रॉक्सीचा ताण स्पष्टपणे उतरला. मालकांच्या मूळ प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर इथे ‘हो, उतरतो’ असेच आहे. थोडा मजकूर आणि भरपूर आकडेमोड हे आरएसएच्या स्वाक्षरीचे स्वरूप कार्डाला अगदी अनुकूल आहे. मजकुराच्या एईएसचे तसे नाही. तिथे मजकूर कार्डापर्यंत नेऊन परत आणण्यातच इतका खर्च होतो की प्रोसेसरने आपल्या सूचनांनी ते काम जागच्या जागी करणे बहुधा स्वस्त पडते, विशेषतः तुकडे लहान असतील तर.

एजंटांच्या मोबाइलवरचे ‘पेंडिंग’ मात्र चाचणीतही पुरते हटले नाही. प्रॉक्सी मोकळी झाल्यावर विनंत्या अधिक वेगाने मुख्य प्रणालीकडे गेल्या आणि आता ते यंत्र शंभर टक्क्यांना टेकले. तिथेही आतल्या हँडशेकच्या आरएसए-४०९६ स्वाक्षऱ्या होत होत्या, पण त्या जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातून, आणि त्या ग्रंथालयाला कार्डाचा पत्ताच नव्हता. ज्या प्रोग्रामला कार्डाशी बोलायला शिकवले आहे त्याचाच ताण ते उचलते. सर्व्हरमध्ये बसवले म्हणून सगळ्या सर्व्हरचा ताण आपोआप कमी होत नाही.

बॅकअप आणि शाखांची जोडणी

विक्रेत्याच्या प्रस्तावात रात्रीच्या बॅकअपचाही उल्लेख होता. डेटाबेसची प्रत जीझिपने आकुंचित करून, मग कूटबद्ध करून दुसऱ्या ठिकाणी पाठवली जात असे आणि त्या वेळी एक कोर तासन्‌तास पूर्ण व्यापलेला असे. इथे पर्फने एन्क्रिप्शनला निर्दोष सोडले, कारण वेळ जीझिप खात होते. अशी काही कार्डे आकुंचनही करतात आणि विक्रेत्याने ते आवर्जून सांगितले, पण त्यासाठीही कार्डाला ओळखणारा वेगळा प्रोग्राम लागतो. जीझिपच्या जागी २०१६ मध्ये खुले झालेले झेडस्टँडर्ड वापरले, तेव्हा फाइलचा आकार वाढू न देता काम कितीतरी लवकर उरकले आणि तो विषय तिथेच संपला.

ओपनव्हीपीएनच्या द्वाराचे दुखणे निराळे. त्या वेळच्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेट कर्नलमधून वापरकर्त्याच्या प्रक्रियेकडे आणि पुन्हा कर्नलकडे असा हेलपाटा घाली, आणि ती प्रक्रिया एकाच धाग्यावर चाले. खर्च या हेलपाट्यांचा होता, कूटबद्धीकरणाचा वाटा त्यात दुय्यम होता. असे काम कर्नलमध्येच करण्याची सोय ओपनव्हीपीएनने २.६ आवृत्तीत आणली, आणि वायरगार्ड तर २०२० पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे. शाखांची जोडणी हळूहळू तिकडे नेण्याचे ठरले.

लेखापरीक्षणाचा मुद्दा

मालकांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती उशिरा बाहेर आली. कार्ड घेतले तर लेखापरीक्षकांचा ‘किल्ल्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवा’ हा शेराही निकाली निघेल असे त्यांना वाटत होते. तसे नाही. प्रवेगक कार्ड वेगासाठी असते, आणि या मांडणीत खासगी किल्ली पूर्वीप्रमाणे सर्व्हरच्या डिस्कवर आणि स्मृतीतच राहते. किल्ली बाहेर पडूच नये यासाठी असते ते हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल, म्हणजे एचएसएम. त्याची किंमत, प्रमाणन आणि व्यवस्था वेगळी असते, आणि त्याने वेग वाढेलच असे नाही. कित्येक एचएसएमचा स्वाक्षरीचा वेग आजच्या चांगल्या प्रोसेसरच्या मोजक्या कोरांपेक्षा कमी भरतो. या दोन वस्तू दिसायला सारख्या कार्डांच्या रूपात मिळतात, म्हणून खरेदीच्या वेळी त्यांची गल्लत फार होते. शेऱ्याचे उत्तर एचएसएमच्या स्वतंत्र प्रस्तावाने द्यावे असे मी सुचवले आणि त्याचा प्रोसेसरच्या ताणाशी संबंध जोडू नये असेही सांगितले.

काय बदलले

सर्वप्रथम आभासी यंत्रांचा प्रोसेसर-प्रकार बदलला. दोन्ही सर्व्हरांना झेपेल असा ब्रॉडवेल पिढीचा प्रकार निवडला, म्हणजे यंत्रे इकडून तिकडे हलवण्याची सोयही शाबूत राहिली. हा बदल आतून रीस्टार्ट करून लागू होत नाही, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, आणि पहिल्या रात्री नेमके हेच न केल्यामुळे सकाळी ‘काहीच फरक नाही’ असा निरोप आला होता. त्यानंतर प्रमाणपत्र बदलले. ईसीडीएसए पद्धतीच्या पी-२५६ किल्लीने स्वाक्षरी करायला प्रोसेसरला आरएसए-२०४८च्या तुलनेतही साधारण विसावा हिस्सा वेळ पुरतो, आणि तिची सुरक्षा-पातळी आरएसए-२०४८पेक्षा वरची मानली जाते. एजंटांकडे काही जुनी यंत्रे असल्याने त्यांच्यासाठी आरएसए-२०४८चे प्रमाणपत्रही सोबत ठेवले. इंजिनएक्स दोन्ही प्रकारची प्रमाणपत्रे एकाच वेळी बाळगू शकते आणि समोरच्याला जे समजते ते पुढे करते. सर्व्हरवर सत्रांचा कॅश सुरू केला, प्रॉक्सी आणि मुख्य प्रणाली यांच्यातल्या जोडण्या टिकवून ठेवल्या.

या सगळ्याला खर्च आला तो मनुष्यतासांचा. संध्याकाळचा आलेख शंभरावरून उतरून निम्म्याच्याही खाली आला. ॲपमधली दुरुस्ती मात्र रेंगाळली. बदल काही ओळींचा होता, पण प्रत्येक एजंटाच्या मोबाइलवर नवी आवृत्ती पोहोचायला वेळ लागला, कारण कित्येक एजंट ‘चालू आहे ते बरं आहे’ म्हणून अद्यतन टाळत होते. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी शेवटी जुन्या आवृत्तीवरून भरणा घेणेच बंद केले, तेव्हा तिथले सारे एजंट एका संध्याकाळी नव्या आवृत्तीवर आले. ही आवृत्ती बहुतेकांकडे पोहोचल्यानंतर पर्फच्या यादीत स्वाक्षरीचे फंक्शन शोधावे लागू लागले.

मुख्य प्रणालीचे यंत्र मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अजूनही तापते. तिथे आता माथ्यावर आहे ती खातेउताऱ्यांच्या पीडीएफ बनवण्याची प्रक्रिया आणि व्याज-आकारणीची एक क्वेरी. त्यांचा एन्क्रिप्शनशी संबंध नाही.

कार्ड विक्रेत्याला परत केले. त्याला मी जे सांगितले ते इथेही नोंदवतो: दर सेकंदाला हजारो नव्या जोडण्या येतात आणि त्या टाळता येत नाहीत अशा ठिकाणी, किंवा दहा किंवा अधिक गिगाबिटांच्या आयपीसेक (कूटबद्ध जोडणीची आणखी एक पद्धत) द्वारांवर, असे हार्डवेअर आजही उपयोगी आहे. त्यातही इंटेलने २०२३ च्या चौथ्या पिढीच्या झिऑनपासून काही प्रोसेसरांत तशीच इंजिने चिपमध्येच दिली आहेत, आणि काही नेटवर्क कार्डे मजकूर तारेवर जाता जाता कूटबद्ध करतात, त्यामुळे वेगळ्या कार्डासाठी उरलेली जागा अरुंद होत चालली आहे. शिवाय २०२४ मध्ये एमएल-केईएम हे क्वांटम-सुरक्षित किल्ली ठरवण्याचे मानक आले. आज घेतलेले कार्ड आरएसए आणि ईसीसी (ईसीडीएसए ज्या गटातली तो) यांपुरतेच मर्यादित असेल, तर उद्याच्या हँडशेकचा तो भाग पुन्हा प्रोसेसरवरच येणार.

कंपनीने दोन नोंदी कायम ठेवायचे ठरवले आहे: दर सेकंदाला पूर्ण हँडशेक किती होतात, आणि प्रॉक्सीच्या एकूण वेळापैकी किती हिस्सा स्वाक्षरीत जातो. जोडण्यांचा पुनर्वापर नीट चालू असतानाही हा हिस्सा गर्दीच्या तासात सलग महिनाभर एकचतुर्थांशाच्या वर राहिला, तर कार्डाचा प्रस्ताव पुन्हा मागवायचा, असे बैठकीच्या टिपणात लिहिले आहे.